पुण्यात टेम्पोचं रॅपिंग नीट करून देणारं दुकान कसं ओळखायचं?

भाजणी_धायरी:
नमस्कार मंडळी, आमचा धायरीत भाजणी, मेतकूट आणि पिठांचा घरगुती धंदा आहे, माल आता पार वाघोली-चिंचवडपर्यंत जातो त्यामुळे गाड्या ३ झाल्यात, २ छोटे हत्ती कंटेनर बॉडीचे आणि १ ईको. मागच्या मे महिन्यात एका हत्तीवर नाव, फोटो, फोन नंबर सगळं करून घेतलं, ओळखीतल्याच एका फ्लेक्सवाल्याकडून. नवीन होतं तेव्हा एकदम झकास दिसत होतं. पण दिवाळी यायच्या आत पन्हळी पत्र्याच्या खोलगट भागातनं स्टिकर सुटून फुगला, कडा वळल्या, आत माती जाऊन काळ्या रेघा पडल्या आणि थालीपिठाचा फोटो उन्हाने असा निळा पडलाय की मला तो रस्त्यावर फिरवायची लाज वाटते. खाण्याची वस्तू आहे हो, गाडी बघूनच लोक ठरवतात. त्याला फोन केला तर म्हणे गाडी उन्हात उभी करता त्याला मी काय करणार.

आता ही परत करायचीय आणि बाकीच्या २ पण. ३ ठिकाणी विचारलं, एकाचा स्क्वेअर फुटाचा रेट दुसऱ्याच्या दुपटीच्या वर, आणि तिघंही म्हणतात माल इम्पोर्टेड. नुसतं दुकानाचं नाव नको, चांगला माणूस ओळखायचा कसा ते सांगा प्लीज.

चाकणची_गाडी:
ताई, मी एका ट्रान्सपोर्टमध्ये गाड्यांचं बघतो, चाकणला. आम्ही दुकानदाराला एकच सांगतो, मोबाइलमधले फोटो नको, तू केलेली अशी गाडी सांग जिने २ पावसाळे काढलेत आणि ती कुठे उभी असते ते पण सांग. जो खरं काम करतो तो लगेच सांगतो, अमुक पाणीवाल्याची गाडी रोज सकाळी मार्केट यार्डात असते जाऊन बघा. जो गडबडतो त्याच्याकडचं कोटेशन कितीही कमी असू दे, तिथेच सोडायचं. आणि गाडी बघायला गेलात की लांबून बघू नका. रिव्हेटच्या डोक्याभोवती नख फिरवून बघा, कडक गोल फुगा लागला तर स्टिकर नुसता वरून ताणून बसवलाय. मग दाराच्या खालच्या कडा, बिजागरीची बाजू आणि चाकावरची कमान बघा, सुटायला सुरुवात तिथूनच होते. ड्रायव्हर भेटला तर त्यालाच विचारा प्रेशरने धुता का, तो खरं सांगतो.

हीटगन_भोसरी:
मी ९ वर्षं हेच काम केलंय, आता दुसऱ्या लाइनला आहे त्यामुळे मोकळेपणाने लिहितो, थोडं मोठं होईल.

ताई तुमच्या गाडीवर बहुतेक साधं मोनोमेरिक व्हिनाइल लावलंय. ते लाटून बनवलेलं असतं, त्यामुळे त्याला आक्रसायची सवयच असते, सपाट बोर्डावर वर्ष-दोन वर्षं ठीक, पण पन्हळीत दाबून बसवलं की ऊन लागल्यावर ते परत सरळ व्हायला बघतं आणि खोलगट भागातनं उठतं. तुमचा फ्लेक्सवाला उन्हाला दोष देतोय पण पन्हळी आणि रिव्हेटवर कास्ट फिल्मच लागते. ती ओतून बनवतात, साधारण ५० मायक्रॉनची, पातळ असते आणि पत्र्याच्या आकाराला धरून राहते. ईकोची सपाट बाजू पॉलिमेरिकमध्ये (हे पण लाटलेलंच, पण मोनोमेरिकपेक्षा कमी आक्रसतं) चालून जाईल, तिथे उगाच कास्टचे पैसे घालू नका. इम्पोर्टेड ह्या शब्दाला काही अर्थ नाही, साधा मालही बाहेरून येतो. थ्रीएम, एव्हरी, ओराफोल सगळ्यांकडे कास्ट पण आहे आणि साधं पण, त्यामुळे नुसता ब्रँड सांगितला तरी काही कळत नाही. फिल्मचा पूर्ण कोड आणि लॅमिनेशनचा, म्हणजे प्रिंटवर लावतात त्या पारदर्शक थराचा, पण कोड जीएसटी बिलावर लिहून मागा. लॅमिनेशनही कास्टच हवं, खाली कास्ट आणि वर स्वस्त लॅमिनेशन लावलं की वरचा थर आक्रसून खालच्याला ओढतो. काम चालू असताना सोललेला बॅकिंग पेपर बघा, बहुतेक चांगल्या कंपन्यांचं नाव मागे छापलेलं असतं.

फोटो निळा पडला म्हणजे लॅमिनेशन केलंच नसणार किंवा शाई हलकी, पिवळा आणि गुलाबी आधी उडतात आणि निळा मागे राहतो. अजून एक, सॉल्व्हंट शाईचं प्रिंट निदान २४ तास सुकवावं लागतं, मगच लॅमिनेशन. सकाळी डिझाइन फायनल आणि संध्याकाळी गाडी घेऊन जा म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, ओल्या प्रिंटचा सॉल्व्हंट आत अडकतो आणि गोंद मऊ पडतो, कडा तिथूनच वळतात.

दुकानात गेलात की जागा बघा. रस्त्याच्या कडेला धुळीत उभी करून लावतात का आत शेडमध्ये? गाडी आदल्या दिवशी धुवून मागतात का, लावायच्या आधी आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसतात का? शेवटी हीट गनने प्रत्येक पन्हळ आणि रिव्हेट परत तापवावा लागतो, ९० डिग्रीच्या पुढे, टेम्परेचर गन धरून. हे कंटाळवाणं काम आहे, लवकर संपवायच्या नादात इथेच कात्री लागते, दिसत नाही म्हणून. मी ज्यांच्याकडे शिकलो ते सगळं झाल्यावर एकेका रिव्हेटला छोटा ब्रश मारायचे, अर्धा दिवस जायचा.

आणि माप प्रत्यक्ष गाडीवर घेणाराच बघा. इंटरनेटवरच्या टेम्प्लेटवर डिझाइन केलं की फोन नंबरातला एक आकडा नेमका हँडलच्या खाचेत जातो, मी हे इतक्या वेळा बघितलंय. कंटेनरच्या मागच्या दारांवर लॉकचे दांडे असतात, तिथे नंबर नको. बॉनेट आणि टपावरची वॉरंटी बाजूंपेक्षा कमी असते, ते आधीच विचारून ठेवा.

पासिंग_एमएच१२:
वरचं सगळं बरोबर, पण आरटीओचं कोणी बोलेना म्हणून लिहितो. अख्खी गाडी रंग बदलून रॅप करू नका, आरसीवर पांढरी आणि रस्त्यावर हिरवी असं झालं तर रंगाची नोंद बदलावी लागते. मूळ रंग दिसत राहील असं डिझाइन करा. रिफ्लेक्टिव्ह टेप झाकायची नाही, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, ती दिसलीच पाहिजे. नंबर प्लेट आणि बॉडीवर लिहिलेले वजनाचे आकडे पण मोकळे ठेवा. ईकोच्या काचांवर जाहिरात चिकटवायचा मोह होतो, पण पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्यातून ५० टक्के उजेड गेला पाहिजे असा नियम आहे. ८ वर्षांपर्यंतची गाडी दर २ वर्षांनी पासिंगला जाते, पुढे दरवर्षी, तेव्हा पासिंगच्या लाइनीत उभं राहून स्टिकर खरवडायची वेळ नको.

नाना_पेठ_७८:
माझं वेगळं मत आहे. कंटेनरचा पत्रा जुना असेल आणि नुसतं नाव-नंबर हवं असेल तर चांगला पेंटर गाठा, आमच्या वडिलांच्या टेम्पोवरची अक्षरं अजून वाचता येतात. फोटो हवाच असेल तर मात्र रॅपला पर्याय नाही.

भाजणी_धायरी:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी सांगितलं नव्हतं. चाकणच्या दादांनी सांगितलं तसं २ दुकानांना जुनी गाडी विचारली. एकाने फोनच उचलला नाही परत. दुसऱ्याने मार्केट यार्डातल्या एका टेम्पोचं सांगितलं, मी आणि दीर पहाटे साडेपाचला गेलो, बटाट्याच्या पोत्यांच्या मागे उभा होता. अडीच वर्षांचं काम, चिखलाने माखलेलं, दिराने बाटलीतलं पाणी टाकून एक कोपरा धुतला आणि मी रिव्हेटवर नख फिरवलं, कुठेच अडकलं नाही. लाल रंग अजून लालच.

त्याच दुकानवाल्याने काल येऊन ३ गाड्यांची मापं टेपने घेतली. जुना स्टिकर काढायचे पैसे वेगळे सांगितले, आणि हत्तीच्या डाव्या बाजूला खाली गंज आहे तिथे आधी गॅरेजमधून पत्रा करून रंग मारून घ्या, मग किमान ३ आठवडे रंग वाळू द्या, त्याच्या आधी मी लावणार नाही म्हणाला. दिवाळीची ऑर्डर चुकेल म्हणून मी खूप विनवलं पण ऐकलं नाही त्याने. मग ईको आणि दुसरा हत्ती आधी करतोय, गंजका नंतर. बिलावर दोन्ही कोड लिहून द्यायला तयार आहे.

हीटगन दादा, एकच विचारायचंय, जुन्या स्टिकरचा गोंद राहिला तर आमचा ड्रायव्हर म्हणतो रॉकेलने काढतो, चालेल का?

हीटगन_भोसरी:
नको ताई, रॉकेलचा तेलकट थर राहतो आणि नवीन फिल्म त्यावर धरत नाही. ड्रायव्हरला हात लावू देऊ नका, दुकानवाल्यालाच गरम करून हळूहळू सोलू द्या, तो आयपीएने पुसेल. आणि लावल्यावर २-३ दिवस गाडी धुवायची नाही, हे त्याला आजच सांगून ठेवा.