टीबी प्रतिबंधक गोळ्यांची माहितीपत्रिका: छापायला देण्याआधी चाचणी नेमकी कशी घ्यायची?

प्रश्न: प्रकल्प_सहायक

विद्यापीठातल्या आरोग्य-संवाद प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. घरात फुप्फुसाच्या टीबीचा रुग्ण आहे अशा कुटुंबांतल्या बाकीच्या माणसांसाठी टीबी प्रतिबंधक उपचाराची (टीपीटी) मराठी पत्रिका तयार करायची आहे. उपचार थ्रीएचपी, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन या दोन औषधांच्या गोळ्या आठवड्यातून एकदा, असे १२ आठवडे. मसुदा झाला आहे: ए-फोर कागद, दोन घड्या, सहा बाजू. मुखपृष्ठावर छातीचा एक्स-रे आणि त्याच्यापुढे खोकणारा, खंगलेला माणूस. क्षेत्र जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातलं.

अडलंय ते असं. चाचणीला किती माणसं घ्यायची? "समजलं का?" विचारलं की सगळेच "हो, समजलं" म्हणतात, मग पुढे विचारायचं काय? रुग्णाच्या घरी थेट जावं का? आणि मुलाखतींचं कोडिंग (उत्तरांच्या तुकड्यांना ठरावीक खुणा, म्हणजे कोड, लावणं) दोघींनी वेगवेगळं केलं तर एका कोडवर कप्पा (दोघींचं किती जुळलं ते सांगणारा आकडा) ०.४६ आला, मॅडम ०.८० मागतायत. हे कसं वाढवायचं?

उत्तर १: गावशिवार

"समजलं का?" हा प्रश्न मुलाखतीच्या प्रश्नावलीतून काढूनच टाका. विद्यापीठातून आलेल्या माणसाला "नाही समजलं" असं तोंडावर कुणी सांगत नाही. आपण चाचणी घेतोय ती कागदाची, माणसाची नाही, हे सुरुवातीला शब्दांत सांगा: "यात जिथे अडखळायला होईल तिथे चूक आमची आहे, तीच शोधायला आलोय."

एका मुलाखतीला ४० मिनिटांच्या आसपास धरा, त्याहून लांबली तर शेवटच्या बाजूंची उत्तरं उरकल्यासारखी येतात. दोघी जा, एक विचारेल, दुसरी फक्त टिपेल. आधी मोठ्याने विचार करायची सवय लावून घ्यावी लागते. त्यासाठी जुना सराव आहे: "तुमच्या घराला खिडक्या किती, मोजताना मनात काय काय येतं ते बोलत बोलत सांगा." माणूस "पडवीत एक, स्वयंपाकघरात एक, ती झरोकाच म्हणायची..." असं बोलू लागला की तो तयार झाला. मग पत्रिकेची एकेक बाजू हातात द्या. वाचता येत असेल तर स्वतः वाचू द्या. नसेल तर घरात जो एरवी वाचून दाखवतो त्यालाच वाचू द्या, कारण पत्रिका खरी वापरली जाईल ती तशीच.

वाचून झालं की कागद उलटा करून ठेवायला सांगा आणि विचारा: "हेच तुमच्या जावेला सांगायचं झालं तर कसं सांगाल?" जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहा, सुधारू नका. त्यानंतर प्रसंग द्या. "सोमवारच्या गोळ्या राहिल्या, बुधवारी आठवलं. काय कराल?" "बारा आठवड्यांच्या गोळ्या घरात आहेत, पाहुणा आलेला भाचा खोकतोय. त्याला द्याल?" चूक बाहेर येते ती इथे. "आठवड्यातून एकदा" हे वाचून दाखवतानाही बरोबर म्हणतात, आणि प्रसंग दिला की "रोज रात्री जेवल्यावर" असं उत्तर देतात, कारण घरातल्या रुग्णाच्या गोळ्या रोजच्या असतात आणि तेच डोळ्यांसमोर असतं. प्रत्येक प्रसंगाचं बरोबर उत्तर मुलाखतीआधी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडून लेखी मंजूर करून घ्या. क्षेत्रात उभं राहून तुम्ही ठरवायची ती गोष्ट नाही.

संख्या: एकदम ३० नकोत. पाच-सहा जणांची एक फेरी, पत्रिका बदला, मग नव्या पाच-सहा जणांची दुसरी, मग तिसरी. जुनाच कागद तीस जणांना दाखवून तीच चूक तीस वेळा मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक फेरीत चौथीपर्यंत शिकलेले किमान दोघं हवेत, बायका निम्म्या, आणि साठीच्या पुढचं एक माणूस. गावातला मास्तर आणि आशाताईंचा मुलगा सहज मिळतात म्हणून त्यांनीच फेरी भरू नका.

बदल कधी करायचा याचा नियम आधी लिहून ठेवा. सहापैकी दोघं एकाच जागी अडखळले तर ती जागा बदलायची. पण चुकीमुळे इजा होऊ शकत असेल (गोळ्या रोज घेणं, कावीळ दिसत असताना गोळ्या चालू ठेवणं) तर एकाचीही चूक पुरे.

उत्तर २: औषधशास्त्र_कोपरा

थ्रीएचपीच्या पत्रिकेत एक जागा हमखास घसरते, ती आधी तपासा. रिफापेंटिनमुळे लघवी तांबूस-नारिंगी होते, घामाला आणि अश्रूंनाही रंग येऊ शकतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण यकृताला सूज आली तरीही लघवी गडद होते, आणि तेव्हा गोळ्या थांबवून लगेच दाखवायचं असतं. बहुतेक मसुद्यांत पहिलं वाक्य "काय अपेक्षित आहे" या बाजूला असतं आणि दुसरं मागच्या "धोक्याची लक्षणं" या बाजूला. वाचणारा पहिलंच लक्षात ठेवतो आणि दुसरं त्याच्यात मिसळून टाकतो: "लघवीचा रंग बदलणारच, ताईंनी सांगितलंय."

दोन्ही एकाच बाजूला, शेजारी-शेजारी आणा. डावीकडे: लघवी नारिंगी, पण भूक नेहमीसारखी, डोळे पांढरे, बाकी तब्येत ठीक; गोळ्या चालू ठेवा. उजवीकडे: अन्नावरची वासना उडाली, मळमळ किंवा उलट्या, पोटात उजवीकडे वर दुखतंय, डोळे पिवळे, लघवी चहासारखी गडद, गोळ्या थांबवा, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. खाली एक ओळ: "कळत नसेल तर विचारा", आणि तिथे उपकेंद्राचा नंबर लिहायला मोकळी जागा. भर रंगावर न देता भूक आणि डोळ्यांवर द्या, कारण रंग प्रत्येकाला वेगळा दिसतो आणि छपाईत तर तो बदलतोच. मग दोन प्रसंग, क्रम उलटसुलट करून, प्रत्येकाला विचारा.

गोळ्यांची संख्या छापण्याआधी त्या जिल्ह्यात कोणतं पाकीट येतंय ते बघा. प्रौढाचा आठवड्याचा डोस आयसोनियाझिड ९०० आणि रिफापेंटिन ९०० मिलिग्रॅम. एकत्रित गोळी ३००/३०० ची असेल तर ३ गोळ्या. सुट्या असतील तर रिफापेंटिन १५० च्या ६ आणि आयसोनियाझिड ३०० च्या ३, म्हणजे ९. पत्रिकेत "३ गोळ्या" आणि हातात ९, असं झालं की माणूस उरलेल्या ६ परत ठेवून देतो. मुलांचा डोस वजनावर आहे, तो पत्रिकेत छापू नका, कार्डावर हाताने लिहिलेलाच बरा.

आणखी एक गोष्ट, जी पत्रिकांमधून गळते: रिफापेंटिनमुळे संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. हे घरातल्या सगळ्यांसमोर वाचलं जाणार आहे, म्हणून वाक्य साधं ठेवा: "पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर नर्सताईंना आधी सांगा."

उत्तर ३: कोडबुक

कप्पाबद्दल. आकडा वाढवायला बसण्याआधी दोन बाय दोनचा तक्ता मांडा. समजा मुलाखतींचे १०० तुकडे आहेत. ८८ ठिकाणी दोघींनी "हा कोड नाही" म्हटलं, ४ ठिकाणी दोघींनी "आहे" म्हटलं, उरलेल्या ८ ठिकाणी मतभेद, दोन्ही बाजूंना ४-४. जुळणी ९२ टक्के झाली, तरी कप्पा ०.४६ च येतो. कारण कोड इतका विरळ आहे की नुसतं "नाही, नाही" म्हणत गेलं तरी बहुतेक ठिकाणी जुळणारच, आणि कप्पा ती योगायोगाची जुळणी वजा करतो. तुमचं असंच झालं असेल तर विरळ कोडचे तुकडे मुद्दाम जास्त घेऊन पुन्हा तपासा, आणि अहवालात जुळणीची टक्केवारी, कप्पा आणि तक्ता तिन्ही द्या.

तसं नसेल तर दोष बहुधा एककात आहे. एकीने वाक्य धरलं, दुसरीने अख्खं उत्तर. आधी ठरवा: एका प्रश्नाला आलेलं संपूर्ण उत्तर, पाठपुराव्याच्या प्रश्नांसकट, हा एक तुकडा. मग प्रत्येक कोडला व्याख्या, कधी लावायचा, कधी लावायचा नाही, आणि एक-एक खरं उदाहरण. आकलनासाठी चार कोड पुरतात: स्वतःच्या शब्दांत बरोबर, आठवण करून दिल्यावर बरोबर, चूक, उत्तर नाही. घोळ होतो तो पहिल्या दोघांत. "आणि अजून काही?" एवढंच विचारलं असेल तर ती आठवण धरायची नाही, पत्रिकेतला शब्द विचारणारीने उच्चारला तर धरायची. एवढी एक ओळ कोडबुकात आली की निम्मे मतभेद मिटतात.

मतभेद बोलून मिटवल्यावर त्याच तुकड्यांवर कप्पा पुन्हा काढू नका. नवे तुकडे घ्या, दोघी वेगवेगळ्या बसा.

आणि मॅडमना हे नक्की विचारा की हा आकडा कशासाठी हवाय. फेऱ्यांमध्ये पत्रिका सुधारायची असेल तर दोघींनी त्याच संध्याकाळी टिपणं समोर ठेवून एकमत करणं पुरेसं आहे, आणि तेच वेळेत होतं. कप्पा किंवा क्रिपेनडॉर्फचा अल्फा (जुळणी मोजणारा तसाच दुसरा आकडा) लागतो तो निष्कर्ष शोधनिबंधात मोजून मांडायचे असतील तेव्हा. अल्फासाठी ०.८० ही नेहमीची अपेक्षा, ०.६६७ च्या खाली गेलं तर त्यावर काही उभं करू नये.

उत्तर ४: गावशिवार

घरी जाण्याचा मुद्दा राहिला होता. थेट जाऊ नका. विद्यापीठाची पाटी लावलेली गाडी एकाच दारात थांबली की आळीला कळतं. दोन गट करा. शब्द, चित्रं, क्रम कळतो का हे तपासायला रुग्णाच्या घरातलीच माणसं लागत नाहीत, त्याच वयाची आणि शिक्षणाची इतर माणसं चालतात. मजकूर बोचतो का, पत्रिका घरात भिंतीला लावाल की लपवाल, हे मात्र त्या कुटुंबांनाच विचारायला हवं. त्यांना निरोप उपचार पर्यवेक्षक किंवा आशाताईंमार्फत जाऊ द्या, जागा त्यांनी निवडू दे, आणि मुलाखत चालू असताना आशाताई खोलीत नकोत. त्या समोर असल्या की त्यांनी सांगितलेलंच परत ऐकू येतं.

सही येत नसेल तर अंगठा, आणि सोबत तटस्थ साक्षीदाराची सही. प्रकल्पातलं माणूस साक्षीदार चालत नाही. ध्वनिमुद्रणाची संमती वेगळ्या चौकटीत घ्या. ती नाकारली तरी मुलाखत व्हायला हवी, म्हणूनच टिपणारी दुसरी व्यक्ती लागते. फाइलच्या नावात गाव किंवा नाव नको, फक्त फेरी आणि क्रमांक. क्रमांक कुणाचा, ही यादी वेगळ्या कुलूपात.

प्रकल्प_सहायक

खूप उपयोग झाला. दोन शंका: प्रत्येक फेरीनंतर पत्रिका बदलली तर एथिक्स कमिटीकडे (संशोधनाला परवानगी देणारी नीतिमत्ता समिती) दर वेळी जायचं का? आणि मुखपृष्ठाचं काय करू? डिझायनर म्हणतात भीती दाखवल्याशिवाय लोक गोळ्या घेणार नाहीत.

उत्तर ५: कोडबुक

अर्जातच लिहा की पत्रिका तीन फेऱ्यांत बदलत जाईल, काय बदलू शकेल (मांडणी, चित्रं, वाक्यरचना) आणि काय बदलणार नाही (डोस, धोक्याची लक्षणं, संपर्क). अर्ज गेला असेल तर आत्ताच दुरुस्तीचं पत्र द्या, पहिल्या फेरीनंतर नको. पुढे काही कळवायचं की नाही हे कमिटी ठरवेल, पण उत्तर लेखी घ्या.

मुखपृष्ठ बदलाच. पत्रिका धडधाकट माणसासाठी आहे. खंगलेल्या माणसाचं चित्र पाहून तो ती रुग्णाकडे सरकवतो: "हे तुझं आहे." भीतीबद्दल किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेलं प्रारूप प्रयोगशाळेत सगळे वाचतात, ते या डिझायनरनाही समजावून सांगा. धोका मोठा दाखवला आणि "मी काय करू शकतो, ते मला जमेल का" याचं उत्तर दिलं नाही, तर माणूस धोक्याकडे पाहणंच टाळतो. घरातली तीन-चार माणसं एकत्र बसून गोळ्या घेतायत, मागे कॅलेंडरवर एक वार गोल केलेला, असं चित्र करून पहिल्या फेरीत दोन्ही मुखपृष्ठं दाखवा. विचारायचं एवढंच: "हा कागद कुणासाठी आहे?" कोणतं आवडलं ते विचारू नका. फुलीही टाळा. चित्रावर लाल फुली मारली की खालचं चित्र लक्षात राहतं, फुली राहत नाही.

उत्तर ६: अक्षरजुळणी

छपाईचं कुणी बोललं नाही म्हणून. मजकूर श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप झालेला असेल तर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि "दुसऱ्या", "पुढच्या", "वर्षांवरील" असे शब्द तुटतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. म्हणून फेरीसाठी दाखवायची प्रत संगणकाच्या पडद्यावर नको, छापूनच न्या, आणि प्रेसला जाणाऱ्या पीडीएफवरूनच छापा. मजकूर किमान १४ पॉइंट, ओळींमध्ये जागा सैल, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला टेकतो. चकचकीत आर्ट पेपर अंगणात उन्हात वाचता येत नाही आणि त्यावर बॉलपेनने नंबर लिहिता येत नाही, मॅट घ्या.

प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात आवृत्ती आणि तारीख छापा. फेरी संपली की त्या आवृत्तीच्या सगळ्या प्रती मोजून परत आणा. विशेषतः लघवीच्या रंगाची बाजू चुकलेली प्रत एखाद्या घरात राहिली, तर ती कुणीतरी खरी समजून वापरेल.