घरगुती प्रोजेक्टर: कोपरे काळोखात राहतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याचा, दांडिया बाजार. पहिलाच प्रोजेक्टर करतोय. गणपतीत वाड्याच्या चौकात मुलांना सिनेमा दाखवायचाय.

बॅकलाइट काढलेलं ७ इंची एलसीडी पॅनेल, त्यामागे १०० वॉटचा एलईडी (हीटसिंक, पंखा आहे), पुढे २० सेंमी फोकल लेंथचं (नाभीय अंतराचं), १० सेंमी व्यासाचं भिंग. भिंगापासून पॅनेल २२ सेंमीवर ठेवलं की २.२ मीटरवरच्या भिंतीवर पाच फूट रुंद चित्र येतं. उलटं येत होतं, तेव्हा पॅनेलच उलटं लावलं. तापण्याचा त्रास नाही.

अडचण उजेडाची आहे. मधोमध लख्ख, कोपरे जवळजवळ काळे. एलईडी मागे सरकवला तर उजेड सारखा पसरतो, पण चित्र फिकं. बटर पेपर लावला तर त्याहून फिकं. फ्रेनेल लेन्स (गोल खाचांचं चपटं, पातळ भिंग, उजेड वळवून पॅनेलभर नेणारं) लागणार एवढं कळलंय. हाताशी दोनच हजार आहेत, त्यामुळे चुकीची घेऊन चालणार नाही.

खोक्यात एलईडी ते पॅनेल जास्तीत जास्त २५ सेंमी जागा आहे. तेवढ्यात किती फोकल लेंथची फ्रेनेल बसवावी? आणि ती एकटी पुरेल, की पॅनेल आणि भिंग यांच्यामध्ये दुसरीही लागेलच?