कार्बोरेटरच्या एस्टीमले वाईडबँड सेन्सर पायपात नेमका कुठं लावावा?

पुलगावची_एस्टीम:
नमस्कार मंडळी, हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे चार पाईप) बसवल्यापासून कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) अंदाजानंच बदलून राहिलो, स्पार्क प्लग काढा, रंग पाहा, परत लावा, असं किती दिवस चालणार म्हणून बॉशचा एलएसयू ४.९ वाईडबँड सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून हवा-पेट्रोलचं मिश्रण सांगणारा) अन् त्याचा आकडा दाखवणारा गेज घेतला. मागच्या हिवाळ्यात एका वेल्डरनं जुना सेन्सर पायपाच्या खालून लावून देल्ला, दोन महिन्यांत गेला तो. कापसाचे पैसे अजून यायचे हायेत, म्हणून ह्या बारीनं चूक नाही करायची. आता एक म्हणते हेडरच्या पहिल्या पायपात लाव, दुसरा म्हणते सायलेन्सरच्या तोंडाशी, सोपं पडते. गाडीले कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नाही. सांगा राजेहो.

लेथ_अन्_आर्गन:
भाऊ, दोन्ही नको. पहिल्या पायपात लावला तर एकाच सिलिंडरचं दिसन, बाकी तिघांचं काय, अन् तिथं आच पण लय लागते. तोंडाशी लावला तर बाहेरची हवा पायपात मागं ओढल्या जाते, आयडलले तर जास्तच, अन् गेज उगाच लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) दाखवते. चारही पाईप जिथं एक होते त्याच्या पुढं, इंजिनपासून दोन-तीन फुटावर लाव. कॅट असता तर त्याच्या आधी.
अन् खालून काहून गेला ते सांगतो. सकाळी थंड गाडी चालू केली की सायलेन्सरातून पाणी टपकते ना, तेच पाणी पायपाच्या तळाले साचते, सेन्सरच्या आतलं सिरॅमिक हीटरनं तापलेलं असते, त्यावर पाण्याचा थेंब पडला की तडकते. पायपाले घड्याळ समज, दहा ते दोनच्या मधात लाव, आडवा तर बिलकुल नाही, कमीत कमी १० अंश वर. सेन्सर ज्यात बसते तो नट पायपावर वेल्ड करायचा, आटे एम १८ गुणिले १.५. वेल्डिंग करताना सेन्सर काढून त्याच आट्याचा बोल्ट लावून ठेव, नाहीतर नट वाकडा होते.

वणीची_जिप्सी:
वरच्या भाऊनं बरोबर सांगितलं. आखीन एक, सेन्सरच्या आधी पायपात कुठं लीक असन तर बाहेरची हवा आत येऊन गेज लीन दाखवन अन् तू विनाकारण मोठा जेट टाकशीन. मिसफायर (एखाद्या सिलिंडरात पेट्रोल न पेटणं) होत असन तरी तेच, न जळलेला ऑक्सिजन तसाच येते. सेन्सरच्या वायरचा प्लग (कनेक्टर) तोडून वायर जोडू नको, त्या प्लगातच कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असते. अन् गेज बंद ठेवून गाडी फिरवू नको, हीटर बंद असला की काजळी बसते. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) भेटते, त्याचं बरोबर मिश्रण एका भागाले हवा १३.५ च्या आसपास, साध्या पेट्रोलसारखं १४.७ नाही, म्हणून गेज लॅम्बडावर ठेव, १ म्हणजे मिश्रण बरोबर, पेट्रोल कोणतंही असो.

पुलगावची_एस्टीम:
लय धन्यवाद भाऊ. आज सकाळी थंड गाडीच्या सायलेन्सरले फडकं दाबून धरलं तर हेडरच्या गॅस्केटपाशी फुस्स आवाज, अन् तिथं काळा डाग पण हाय. आधी ते गॅस्केट बदलतो, मग साडेदहाच्या काट्यावर नट वेल्ड करून घेतो, अन् जेटले तोवर हात नाही लावत.