सामन्यांमुळे बुडालेली प्रात्यक्षिके भरून कशी काढावीत?

पांझराकाठची खेळाडू (धुळे):
नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि विद्यापीठाच्या खो-खो संघातून खेळते. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, मग निवड चाचणी, त्यानंतर सराव शिबिर आणि शेवटी पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, असे करता करता गेल्या सत्रातले जवळजवळ पाच आठवडे गेले. हजेरीचा प्रश्न निवडपत्रामुळे सुटला. रसायनशास्त्राचे जर्नल मात्र मी मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून काढले, त्यावर सह्याही मिळाल्या, आणि परीक्षेत ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने सोडायची तोटीची नळी) हाती आल्यावर फिकट गुलाबी रंग दिसताच थांबायचे असते हे माहीत असूनही माझा हात थांबला नाही. फ्लास्कमधले द्रावण गडद झाले. मला वाढीव गुण नकोत, प्रयोग शिकायचे आहेत. महाविद्यालयाकडे नेमके काय मागावे?

निवृत्त क्रीडा संचालक (भुसावळ):
ताई, आपल्याकडे खेळाडूची सोय म्हटली की हजेरीतील सूट आणि सवलतीचे गुण एवढेच डोळ्यांसमोर येते. मीही कित्येक वर्षे तेवढेच केले, याची आज खंत वाटते. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांच्या पहिल्या, म्हणजे सर्वोच्च गटातील (‘डिव्हिजन वन’) संस्थांना खेळाडूंसाठी शैक्षणिक समुपदेशन आणि शिकवणी यांची व्यवस्था नियमानेच करावी लागते. हंगामात सराव आणि सामने मिळून आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, आणि तिसरे वर्ष सुरू होण्यापूर्वी पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण नसेल तर खेळाडूला मैदानात उतरता येत नाही. तिथेही सर्व आलबेल नाही, परंतु खेळाडूच्या अभ्यासाची जबाबदारी संस्थेची, हे तत्त्व मला पटते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांत अशी स्वतंत्र व्यवस्था लगेच उभी राहील असे नाही. मात्र प्रत्येक खेळाडूमागे एक पालक-शिक्षक, म्हणजे त्याच्या अभ्यासाकडे लक्ष देणारा शिक्षक, नेमायला वेगळा पैसा लागत नाही. संघाची यादी लागली की त्याच दिवशी तारखांसह अर्ज प्राचार्यांना द्यावा आणि त्याची प्रत विभागप्रमुखांकडे पोहोचवावी. परत आल्यावर केलेल्या विनंतीला फारसे वजन राहत नाही.

रसायनशास्त्र शिकवणारी (जळगाव):
सरांच्या म्हणण्यात एक भर घालते. अर्जात ‘सहकार्य करावे’ असे मोघम लिहू नकोस. बुडणाऱ्या प्रयोगांची नावे लिही आणि दुसऱ्या तुकडीबरोबर बसण्याची परवानगी माग. एकच प्रयोग वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळ्या वारी असतो, त्यामुळे द्रावणे तयारच असतात आणि प्रयोगशाळा सहायकांवरही जादा भार पडत नाही. माझ्याकडच्या एका कबड्डीपटूने अशीच चार प्रात्यक्षिके पूर्ण केली. पहिल्या दिवशी मी त्याला निरीक्षणे वगैरे काहीच लिहू दिले नाही. केवळ ब्युरेटची तोटी डाव्या हाताने फिरवत आणि उजव्या हाताने फ्लास्क हलवत शेवटचे थेंब एकेक करून सोडायला लावले. हे वहीवरून उतरवून येत नाही. न केलेल्या प्रयोगावर सही करणे ही आम्हा शिक्षकांची चूक आहे, तुझी नव्हे.

रेल्वेतला खो-खोपटू (नंदुरबार):
सिद्धान्ताच्या विषयांसाठी ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावरची व्याख्याने उपयोगी पडतात, कारण ती आपल्या वेळेनुसार पाहता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) तिथून घेता येतात, पण त्यासाठी महाविद्यालयाची संमती नोंदणीपूर्वीच घ्यावी. शिबिरात मात्र सायंकाळच्या सरावानंतर पुस्तक उघडले की झोप येते. मी पहाटेच्या सरावापूर्वीचा अर्धा तास राखून ठेवला होता आणि तेवढाच टिकला.

पांझराकाठची खेळाडू:
सर, मॅडम, दादा, मनापासून आभार. राहिलेल्या सहा प्रयोगांची नावे लिहून काढली आहेत. मॅडम, आमच्या वर्गाला एकच तुकडी आहे. अशा वेळी खालच्या वर्गाच्या प्रात्यक्षिकाला बसू देतात का?

रसायनशास्त्र शिकवणारी (जळगाव):
प्रयोग तोच असेल तर जरूर. नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वीच्या उजळणीच्या दिवसांत एक टेबल मागून घे. त्या वेळी सर्व द्रावणे एकत्र मांडलेली असतात.