मदत हवी आहे : कोकणातल्या पावसात निवडुंगांसाठी कुंडीतील मिश्रण

रत्नागिरीत माझ्या गच्चीवर मॅमिलेरिया आणि जिम्नोकॅलिशियम या प्रकारांचे निवडुंग आहेत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्या तयार मिश्रणात ओल टिकून राहिल्याने गेल्या पावसाळ्यात त्यांतले ३ मुळापासून कुजले, आणि त्यांपैकी एक आईने वाढवलेला असल्यामुळे त्याची हळहळ अजून जात नाही. आता ३ ते ६ मिलिमीटर आकाराचे चाळून घेतलेले विटांचे तुकडे, प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड) आणि थोडे गांडूळखत असे मिश्रण करण्याचा विचार आहे. परलाइट (ज्वालामुखी काचेचे फुगवलेले पांढरे दाणे) हलके असल्याने पाण्यावर तरंगून वर येते, म्हणून ते टाळले आहे. येथे सहज मिळणारी जांभ्याची खडी विटांऐवजी चालेल का, की कालांतराने तिचा भुगा होऊन निचरा अडेल? दमट हवेत गांडूळखताचे प्रमाण एक दशांशापेक्षा कमी ठेवावे का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.