थँक्सगिव्हिंगची गोष्ट इंग्रजीच्या वर्गात किती गोड करून सांगायची?

अश्विनी_जर्सी
आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालतो, तिथे मी शिकवायला जाते. येणारी सगळी मोठी माणसं: मुलांकडे राहायला आलेले आईबाबा, लग्न होऊन नव्याने आलेल्या मुली, शिवाय मेक्सिको, कोरिया, हैतीची मंडळी. ऑक्टोबर लागला की 'शरदातले सण' हा धडा निघतो. त्यातला थँक्सगिव्हिंगचा उतारा असा: यात्रेकरू (म्हणजे इंग्लंडहून आलेले वसाहतकार) जहाजातून आले, उपाशी होते, मूलनिवासींनी त्यांना मका पेरायला शिकवला, सगळ्यांनी मिळून टर्की खाल्ली, आणि तेव्हापासून अमेरिका हा सण साजरा करते.

'तेव्हापासून' हे धादांत खोटं आहे. १६२१ च्या शरदात प्लिमथला, म्हणजे यात्रेकरूंच्या वसाहतीत, तीन दिवस जेवणावळ झाली, एवढं खरं. त्या यात्रेकरूंपैकीच एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात ती आहे: तिथल्या वाम्पानोआग मूलनिवासींचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. टर्कीचा उल्लेखच नाही, नुसते 'पक्षी'. बटाटे तर तिकडे पोचलेही नव्हते. राष्ट्रीय सण झाला तो १८६३ साली, यादवी युद्ध चालू असताना. सारा जोसेफा हेल नावाच्या संपादिकाबाई वर्षानुवर्षं त्यासाठी पाठपुरावा करत होत्या, शेवटी लिंकननी घोषणा केली. त्या घोषणेत यात्रेकरूंचा 'य'सुद्धा नाही.

मला सगळ्यात खटकतं ते टिस्क्वांटमचं, म्हणजे मका पेरायला शिकवणाऱ्या त्या मूलनिवासी माणसाचं. उताऱ्यात तो 'एक मदत करणारा मित्र'. त्याला इंग्रजी कुठून येत होतं, हे इंग्रजीच्या वर्गातही कोणी विचारत नाही! १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो लंडनला पोचला आणि १६१९ मध्ये घरी आला, तर त्याचं पॅटक्सेट गाव रोगराईत पार ओस पडलेलं. त्याच जागेवर पुढे प्लिमथ वसलं. परक्या मुलखात इंग्रजी शिकलेला या धड्यातला एकमेव माणूस तो, आणि त्याचीच गोष्ट आपण गाळतो. मोठ्या माणसांना हे सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

खडूस_काका
ताई, तुमचा वर्ग संभाषणाचा आहे की इतिहासाचा? माझी बायको अशाच वर्गाला जात होती. तिला अडचण काय होती? ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, खाऊ मागायला आलेल्या पोरांनी दार वाजवलं की काय करायचं. व्हरांड्यातला दिवा लावला म्हणजे 'पोरांनो या', बंद ठेवला म्हणजे 'आमच्याकडे नाही', हे आम्हाला कोणीही सांगितलं नाही. चकल्या दिल्या तर पोरांचे आईबाप टाकून देतात, वेष्टनातलंच चॉकलेट लागतं, हेही नाही. थँक्सगिव्हिंगला कोणी बोलावलं तर जेवण रात्रीचं नसून दुपारी तीनलाही असू शकतं. जाताना 'काय आणू?' असं विचारायचं. टर्की खात नसाल तर ते आधीच कसं सांगायचं, की यजमानीणबाईंना अपराधी वाटणार नाही. हे शिकवा. टिस्क्वांटम ज्याला हवा तो वाचेल.

लेस्टरवासी
इकडे ब्रिटनमधला नमुना सांगतो. ५ नोव्हेंबरच्या धड्यात एवढंच असतं: १६०५ मध्ये गाय फॉक्सने पार्लमेंट उडवायचा बेत केला, पकडला गेला, म्हणून आपण शेकोटी पेटवतो. खरं तर कटाचा म्होरक्या रॉबर्ट केट्सबी. फॉक्स तळघरात बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांपाशी सापडला म्हणून नाव त्याचं झालं. आणि 'आपण पेटवतो' म्हणजे काय, तर दरवर्षी हा दिवस पाळायचा असा कायदाच होता, तो १८५९ पर्यंत टिकला. कट करणारे कॅथलिक, म्हणून कॅथलिकांविरुद्धचा दिवस होता हा. पोपचे पुतळे जाळत. इंग्लंडमधल्या लुईस गावात अजूनही मिरवणुकीत सतरा प्रॉटेस्टंट हुतात्म्यांच्या नावाने क्रूस पेटवून नेतात.

पण माझं मत ताईंच्या उलट आहे. बाकीच्या देशाने हे सगळं विसरून टाकलं, म्हणून तर आज कॅथलिक, हिंदू, मुसलमान सगळी पोरं एकाच मैदानात फुलबाज्या घेऊन उभी असतात. आमच्याकडे दिवाळी आणि ही शेकोटी बहुतेक लागूनच येतात, पंधरा दिवस फटाकेच फटाके. विसरले म्हणून सण सगळ्यांचा झाला. उकरून काय मिळणार?

अश्विनी_जर्सी
@लेस्टरवासी, विसरणं कोणाला परवडतं ते बघा ना. वाम्पानोआग संपलेले नाहीत, त्यांच्या मॅशपी आणि अक्विन्ना या जमाती इथे आजही आहेत. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला मूलनिवासी मंडळी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. त्यांनी विसरायचं कसं?

पेठेतला
एवढा काथ्याकूट कशाला? ज्येष्ठांना सांगायचं, हॅलोविन म्हणजे त्यांची सर्वपित्री. दोन मिनिटांत समजतं.

म्हापशेकार
समजत नाही, गैरसमज होतो. सर्वपित्रीला नाव घेऊन पान वाढतात, काकस्पर्शाची वाट बघतात. हॅलोविनला कोण कोणाच्या आजोबांची आठवण काढतो? पूर्वजांचा दिवस बघायचाच असेल तर आमच्या गोव्यात या. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती घरं आपापल्या फोंडी (थडगी) साफ करतात, फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात, पाद्री येऊन आशीर्वाद देतात. १ तारीख सगळ्या संतांची, २ तारीख सगळ्या मृतांची, आणि हॅलोविन म्हणजे १ तारखेची आदली संध्याकाळ. हे मूळ साधं आणि नक्की आहे.

ते 'हजारो वर्षांपूर्वीचे केल्टिक पुजारी, भुतांना फसवायला मुखवटे' वगैरे धड्यात छातीठोक लिहिलेलं असतं ना, त्याला मात्र कात्री लावा. सावन हा आयर्लंडमधला हिवाळ्याच्या तोंडचा सण होता, हे खरं. पण त्याबद्दलचं जे लिखाण आहे ते ख्रिस्ती झालेल्या आयर्लंडमधलं, मध्ययुगातलं. मुखवट्यांचा संबंध थेट पुजाऱ्यांशी जोडणं म्हणजे गोष्ट रचणं. त्यापेक्षा सलगम सांगा. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करत, अमेरिकेत गेलेल्यांना भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा.

शिक्षिका_नाशिक
तुमच्याकडे निदान शेजारी तरी सण करतात. आमच्या शाळेत पोरांना चेटकिणीच्या टोप्या घालून उभं केलं आणि फोटो पालकांच्या ग्रुपवर. का, ते शिकवणाऱ्यालाही माहीत नाही. पुढे चालू द्या.

खडूस_काका
@म्हापशेकार सलगम पटलं. पण मूळ प्रश्न तसाच आहे. या लोकांना भूतकाळ नीट वापरता येत नाही अजून, 'आय वेंट'ऐवजी 'आय गो' म्हणतात. त्यांना वसाहतवाद कुठल्या इंग्रजीत सांगणार?

अश्विनी_जर्सी
सोप्याच. काल फळ्यावर लिहिलं: "दे एट टुगेदर इन सिक्स्टीन ट्वेंटीवन. फिफ्टी-फोर इयर्स लेटर, देअर सन्स फॉट अ वॉर." साध्या भूतकाळात बसतं आणि अक्षरशः खरं आहे. १६७५ च्या युद्धात एका बाजूला मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम होता, आणि प्लिमथचा गव्हर्नर होता जोसाया विन्स्लो, म्हणजे ज्याच्या पत्रावरून जेवणावळ कळते त्याच एडवर्डचा मुलगा. हैतीचे एक गृहस्थ, एरवी तोंड उघडत नाहीत, त्यांनी लगेच विचारलं, "हू वन?" पुढचा अर्धा तास वर्ग आपणहून बोलत होता. काका, संभाषण म्हणजे हेच ना?

लेस्टरवासी
आणि त्या "हू वन?"चं उत्तर ऐकून कोणी शेजाऱ्याच्या टेबलावर सांगितलं, की मेटाकॉमचं मुंडकं प्लिमथला भाल्यावर टांगलं होतं, तर?

अश्विनी_जर्सी
तर शेजाऱ्यालाही कळेल. काही बिघडत नाही.

खडूस_काका
बिघडतं. पहिल्यांदाच जेवायला बोलावलंय, पुढल्या वर्षी बोलावणार नाहीत. तुमची ती दोन वाक्यं चालतील मला, चांगली आहेत. पण आधी दिवा, चॉकलेट, 'काय आणू?' आणि टर्की नको म्हणायची रीत. युद्ध त्याच्या पुढच्या आठवड्यात घ्या.

अश्विनी_जर्सी
पुढच्या आठवड्यात ख्रिसमसचा धडा असतो, काका. म्हणूनच तर दरवर्षी राहून जातं. दोन्ही एकाच तासात घेणार.