मदत हवी आहे: भाचीच्या ओसीआयवर जुना पासपोर्ट नंबर, १८ तारखेला विमान

दांडियाबाजारकर: तातडीनं सांगा कुणीतरी. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला भाची येतेय. आज कागद बघताना लक्षात आलं, तिच्या ओसीआय कार्डावरचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) पासपोर्ट नंबर आणि आताचा नंबर वेगळे आहेत. कार्डावर दोन वेण्या, पुढचा दात पडलेला फोटो. इथला एजंट म्हणतो, वीस पूर्ण झाली की कार्ड बाद, नव्याला दोन महिने. हे ऐकल्यापासून आई धड जेवलेली नाही. काय करू?

रावपुरा२: कुठल्या देशाचा पासपोर्ट? वय? कार्ड कधी काढलं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मांजलपूरकर: सरळ ई-व्हिसा काढा. माझ्या साडूंना तीन दिवसांत मिळाला.

कारेलीबाग_नाना: साडूंकडे ओसीआय होतं का? ओसीआय हाच मुळी आयुष्यभराचा व्हिसा. भलतं काही सांगू नका. दांडियाबाजारकर, जुना पासपोर्ट सोबत ठेवायला सांगा. मी दोन्ही रबर लावून एकत्रच ठेवतो.

मांजलपूरकर: जुन्याची सक्ती मार्च २०२१ मध्येच उठली, नाना.

कारेलीबाग_नाना: उठली हो. पण काउंटरवरच्या पोराला ते ठाऊक नसलं, तर विमान कुणाचं चुकणार?

दांडियाबाजारकर: अमेरिकन पासपोर्ट. वय २१. कार्ड नवव्या वर्षी काढलेलं. भांडू नका, उत्तर द्या.

रावपुरा२: आताचा पासपोर्ट कधीचा? अंदाजानं नको, पान उघडून तारीख बघा. सगळं त्यावरच आहे.

अलकापुरी_७: ओसीआयवर बडोद्याजवळ पादरा गावात शेतजमीन घेता येते का? भाऊ विचारतोय.

मांजलपूरकर: विकत नाही घेता येत. वारशानं येऊ शकते. वेगळा धागा काढा.

दांडियाबाजारकर: ताईनं पानाचा फोटो पाठवला. ऑक्टोबर २०२१.

रावपुरा२: म्हणजे सोळाव्या वर्षी मिळालेला, दहा वर्षांचा. मग एजंट चुकतोय. वीस पूर्ण झाली म्हणून कार्ड बाद होत नाही. वीस पूर्ण झाल्यावर *पहिला नवा पासपोर्ट* मिळाला की एकदा कार्ड नव्यानं करायचं. तिचा २०३१ पर्यंत चालेल, तेव्हा बघा. माझ्या मुलीच्या वेळी मीही घाबरून उगाच अर्ज भरायला बसलो होतो, म्हणून जीव तोडून सांगतोय.

एक मात्र राहिलंय का बघा. वीस पूर्ण होईपर्यंत दर नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो तीन महिन्यांत ओसीआयच्या सरकारी साइटवर चढवायचा असतो. चढवला होता?

दांडियाबाजारकर: नाही. कुणाला माहीतच नव्हतं.

रावपुरा२: मग आजच चढवा, फुकट आहे. पोचपावती ईमेलवर येते. ती येईपर्यंत येण्याजाण्याला आडकाठी नाही, असं गृहमंत्रालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. तरी पावती छापून जवळ ठेवा. आणि नानांचं ऐका, जुना पासपोर्टही असू द्या.

दांडियाबाजारकर: ताईला उठवलं, तिकडे पहाटेचे पाच. भाचीनं पांढऱ्या दारासमोर फोटो काढलाय, तो चालेल ना?

कारेलीबाग_नाना: नाही! मागे पांढरं नको. फिकट रंगाची भिंत बघा.

दांडियाबाजारकर: स्वयंपाकघरातली फिकट निळी आहे. तिथे उभी केलीय. आईला फोनवर दाखवलं, आता ताट वाढलंय.

अलकापुरी_७: आणि वारशाला आधी इच्छापत्र लागतं का?